मागच्या दाराची फट

१२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांचा खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. इकडे बाबांच्या घराला गिऱ्हाईक आलंय. नवरा शिंपी, बायको नर्स. २६ तारखेला दुसऱ्यांदा बघायला येतायत. थंडीत घर कोण बघतं, असं दलाल म्हणायचा, आणि आले बघ!

बाबांना तूर्त काही बोलू नकोस. गेल्या हिवाळ्यात ते कामाच्या खोलीत जमिनीवर गारठून पडलेले सापडले, ते डोळ्यांसमोरून जात नाही. त्यांना तिथं पुन्हा एकटं ठेवणार नाही. पण त्यांच्या माघारी घर दाखवताना चोरासारखं वाटतं. परवा पसारा दिसू नये म्हणून त्यांचा रंधा कपाटात दडवला, आणि माझ्या घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

मागच्या दाराच्या फटीतून वारं फार येतं, तिथं पट्टी ठोकली. बाबांना तसं कळवलंय, म्हटलं खूश होतील.

रागावलीस तरी लोभ तेवढा राहू दे.
तुझा ठोकळ्या

१९ डिसेंबर

चि. ठोकळ्यास,
अनेक आशीर्वाद.

सुताराच्या पोरानं एकदाची हातोडी धरली म्हणायची. पण बाबा हसले नाहीत. पट्टीचं तुझं पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि उन्हाळ्यात परत जायचं म्हणून भरून ठेवलेली पिशवी रिकामी केली.

मी तोंड उघडलेलं नाही रे. पण गप्प बसणं हेही खोटंच, नाही का? सकाळी त्यांच्यापुढे चहा ठेवताना नजर वर होत नाही. विकायला माझी ना नाही, पण असं नको. त्यांनी आज कागद मागून घेतलाय.

थंडीत कान झाकत जा.
ताई

२१ डिसेंबर

चि. ठोकळ्यास,
अनेक आशीर्वाद.

ती फट मी मुद्दाम ठेवली आहे. थंडीत लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं. तुझ्या पट्टीनं दार अडकेल आणि नव्या माणसांना लाथा घालाव्या लागतील. नवी माणसं म्हणतो, कारण रिकाम्या घरात थंडी वाजणार कोणाला? तू तुझ्या घरी, मी इथं. कोणी बघायला येणार असेल तरच फट बुजवायची.

रागावलोय, पण घरावरून नाही. तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे कुजबुजलात. मला तू उचललंस, तेव्हापासून तुझ्या जिवाला घोर लागलाय, ते कळतं मला. विचारलं असतंस तर चार दिवस तोंड फिरवून बसलो असतो, मग बोललो असतो. ते चार दिवस माझे होते.

पट्टी काढ. त्या माणसांना फटीचं खरं सांग.

प्रकृतीला जप.
बाबा

२८ डिसेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पट्टी काढली. मंडळी कोट घालूनच बसली. सगळं सांगितलं, तर शिंपी म्हणाले, आम्हीही शिवणीत जादा कापडाची माया ठेवतोच. त्यांना घर आवडलंय. मी शब्द दिला नाही. घर माझ्या वडिलांचं आहे, त्यांना विचारायचं राहिलंय, असं सांगितलं. ते थांबतील की दुसरं बघतील, ठाऊक नाही. रंधा पुन्हा बाकावर ठेवलाय.

बाबा, चुकलो. घर विकू का? पाहिजे तितके दिवस घ्या. तोंड फिरवून बसायचं असेल तर माझ्याकडे येऊन बसा. एक भिंत मोकळी करून ठेवतो.

आपला,
ठोकळ्या