विहीणबाईंबरोबर समुद्रापर्यंत

सोमवार, ९ मार्च

झालं! ठरलं जायचं. लेकीनं जेवता जेवता सांगून टाकलं — रविवारी आपण चौघं जंगलवाटेनं समुद्रावर जातोय. चौघं म्हणजे ती, तिचा होणारा नवरा, मी आणि त्याची आई. "जूनमध्ये लग्न आहे आणि तुम्ही दोघी अजून धड बोलला नाही आहात!"

बोललो की! पाहुणे किती बोलवायचे यावर चांगलं तासभर बोललो. ते भांडण होतं, असं लेकीचं म्हणणं.

दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून वाकून माझी पाठ गेली आहे. आणि ही म्हणते, वाट मध्यम अवघड आहे. मध्यम कुणासाठी?

गुरुवार, १२ मार्च

नवे बूट आणले. सवय व्हावी म्हणून दवाखान्यात घालून फिरले. खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवूनच हसला.

शनिवार, १४ मार्च

विहीणबाईंचा फोन. त्यांच्या बेकरीतून, मागे ही आदळआपट! "पाव मी आणते. तुम्ही फक्त या."

फक्त या! जशी काही मी हात हलवत जाणारी आहे. डझनभर अंडी उकडून ठेवली.

रविवार, १५ मार्च

डोळे मिटतायत, पण लिहिणारच.

सकाळी वाट सुरू होते तिथं पोचले, तर विहीणबाई एकट्याच. पाठीवर पोत्याएवढी पिशवी. तेवढ्यात लेकीचा फोन — आम्हां दोघांनाही काम निघालंय, तुम्ही जा. मी मागे फिरायच्याच बेतात. तर त्या म्हणतात, "डॉक्टरीणबाई, पहाटे उठून पाव भाजलेत. ते काय झाडांना घालू?"

निघालो. त्या पुढे, मी मागे धापा टाकत. वाटभर झाडांची मुळं वर आलेली, त्यांवर वाळलेला पाला. मग ओढा आला. वर एक ओंडका आडवा टाकलेला. बाई टुणकन पार! मी ओंडक्यावर बसकण मारली आणि सरकत सरकत गेले. त्या पलीकडे तोंडाला रुमाल लावून उभ्या.

"हसा, हसा," मी म्हटलं.

हसल्या! इतक्या, की झाडावरचे पक्षी उडाले. खालची उजवी दाढ किडली आहे त्यांची. दिसलंच मला.

शेवटची उतरण मात्र भयंकर. बाजूला बांधलेला दोर धरून उतरायचं. अर्ध्यावर विहीणबाई थांबल्या त्या थांबल्याच. "मला खाली बघवत नाहीये." आवाज एवढासा झालेला. मी त्यांच्या एक पाऊल खाली उभी होते. वळले, त्यांच्याकडे तोंड केलं.

"खाली बघूच नका. आ करा."

"काय?"

"आ करा. दाढ बघायची आहे."

आणि केलं की! दोर घट्ट धरून, तोंड उघडं ठेवून बाई पावलापावलानं खाली आल्या. मी पुढे उलटी चालत, "अजून मोठा, शाब्बास" म्हणत. आम्हांला कुणी पाहिलं असतं तर!

आणि समोर समुद्र! केवढासा तो किनारा — दोन्हीकडे काळे खडक, मध्ये वाळूचा एक तुकडा, माणूस नावाला नाही. विहीणबाईंनी पिशवी टाकली आणि कपड्यांनिशी थेट पाण्यात. मी क्षणभर बघत राहिले. मग मीही. या वयात!

ओल्या कपड्यांनी वाळूत बसून पाव आणि अंडी खाल्ली. दोन्ही संपली. त्या समुद्राकडे बघत म्हणाल्या, "तुमची लेक बेकरीत येते ना, भट्टीपाशी उभी राहून गरम पाव खाते. पोळतं तरी थांबत नाही. लग्न झालं की दोघं दुसऱ्या शहरात. आमचे हे गेल्यापासून घरात भांडायला माझा मुलगा एकटाच उरलाय. आता कुणाशी भांडू?"

"माझ्याशी," मी म्हटलं. पटकन निघून गेलं तोंडातून. पण खोटं नव्हतं. जूनपासून माझ्याही घरात दिवे लावायला मीच.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पाहुणे मात्र मी म्हणते तेवढेच."

"अजिबात नाही!"

येताना वाट कधी संपली कळलं नाही.

सोमवार, १६ मार्च

पाय माझे राहिले नाहीत. जिना उलटा उतरले.

दुपारी विहीणबाई दाढ दाखवायला आल्या. भूल दिली, अर्धं तोंड बधिर — तरी बोलतच होत्या! मदतनीस बाई म्हणाली, "तुमची जुनी मैत्रीण का?" मी नुसतीच हसले.

मंगळवार, २४ मार्च

लग्न मोडलं.

दोघांनी मिळून ठरवलं म्हणे. त्या रविवारीही काम वगैरे काही नव्हतं, हेच बोलत बसले होते. लेक खूप रडली. मग म्हणाली, "आई, बरं वाटतंय गं आता." मी ओट्यापाशी फोन घेऊन उभी. त्या बाईंना काय म्हणू? कोण म्हणून फोन करू?

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

"आता आपण एकमेकींच्या कुणीच नाही ना?"

"नाही."

पलीकडे पुन्हा नाक ओढलं गेलं.

"मग तो मानपान गेला खड्ड्यात. रविवारी येतेस समुद्रावर?"

"येते गं," मी म्हटलं.