नंतर आलेली

४ मार्च, सोमवार

मिळाली एकदाची! नोकरीही आणि खोलीही. खोलीत एक पलंग, एक टेबल आणि निम्मीच उघडणारी खिडकी. घरमालकीणबाई म्हणाल्या, जोर लावला की पूर्ण उघडते. मी जोर लावला. आता ती पूर्ण मिटत नाही. पण आईसाठी दुसरा पलंग अगदी आरामात मावेल, आणि या सगळ्या खटाटोपाचं कारण तेच आहे. आई गावी एकटी असते, गुडघ्यांनी तिला पार जेरीला आणलंय. नोकरीत पाय रोवले की तिला इथे आणायचं, असं आमचं ठरलंय. ती म्हणते, कुणाशी न भांडता टिकलीस तर मी चालत येईन. मला ती भांडकुदळच म्हणते, तेही चारचौघांत.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टवर ‘बंद’ची पाटीसुद्धा जुनी झालेली. बाकीच्या कंपन्यांचे मेल आमच्या प्रोग्रॅममधून जातात. प्रोग्रॅम सी भाषेतला, वयाने माझ्यापेक्षा मोठा. माझ्या वाट्याला त्यातली एकेकच काम करणारी छोटी तुकडेवजा मदतनीस फंक्शनं आली आहेत. एक ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा कापतं, एक पत्त्यातली मोठी अक्षरं लहान करतं, एक मेमरी मागतं आणि मिळाली नाही तर सगळ्या प्रोग्रॅमला घेऊन मरतं. घरातल्या राबणाऱ्या बायकांसारखी आहेत बिचारी. कुणाला दिसत नाहीत, पण एक दिवस बसून राहिली तर घर ठप्प. मला आवडली.

५ मार्च, मंगळवार

साहेब सतत घाईत असतात, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे घाईसाहेब म्हणतात. चालता चालताच त्यांनी मला सांगितलं की हवं ते बदल, फक्त ‘सेम’ नावाच्या फंक्शनला हात लावू नकोस. मला हात लावू नकोस म्हटलं की माझे हात शिवशिवतात.

‘सेम’चं काम साधं आहे. त्याला दोन मेल द्यायचे. ते तारखा, रिकाम्या जागा वगैरे सोडून उरलेला मजकूर ताडून बघतं. उत्तर शून्य आलं की फरक शून्य. मग आधी आलेला मेल राहतो, नंतर आलेला फेकला जातो. एकच मेल कधी कधी दोन वाटांनी येतो, त्यामुळे हे लागतंच.

शेजारी बसणारी ताई प्रोग्रॅमच्या चाचण्या घेते. तिने मला जेवायला सोबत नेलं आणि अख्ख्या ऑफिसची कुंडली मांडली. माझ्या खुर्चीत आधी एक मुलगी होती म्हणे. गुणी, शांत. एक दिवस आलीच नाही, आणि कुणी चौकशीही केली नाही. मी म्हटलं, मी न सांगता गेले तर माझी आई तुमचं दार फोडेल. ताई खूप हसली.

८ मार्च, शुक्रवार

आईचा फोन. पोचल्याचं कळवलं नाहीस म्हणून आधी बोलणी, मग जेवलीस का. मी तर पहिल्याच दिवशी ऑफिसच्या पत्त्यावरून लांबलचक मेल केला होता! नोंदी तपासल्या तर ‘सेम’ने तो फेकला होता. कशासारखा म्हणून, तर आधीच्या मुलीने तिच्या आईला केलेल्या मेलसारखा. पोचले, खोली बरी आहे, माणसं चांगली आहेत, गुडघ्यांना जप. शब्द वेगळे, आई वेगळी, पण ‘सेम’ म्हणतंय फरक शून्य.

मला हसू आलं. आईला सगळ्या पोरी हेच लिहितात, खरंच. पण म्हणून फेकून द्यायचं? ज्यांना ते वाचायचं असतं त्यांना ते एकसारखं नसतं.

१२ मार्च, मंगळवार

‘सेम’ उघडून वाचलं. जेमतेम पानभर. त्यात असं काहीच नाही ज्याने वेगळे शब्द एक ठरावेत. ताईला दाखवलं, तिलाही काही सापडलं नाही.

मग मी हट्टाला पेटले. आईला असा मेल लिहिला की जगात दुसरीला लिहिता येणार नाही. न मिटणारी खिडकी, माझ्या पायांवर डोळा ठेवून असलेलं घरमालकीणबाईंचं मांजर, आणि लहानपणी मी रागाने स्वतःचे केस कापून तिच्या उशाखाली ठेवले होते ते. पाठवला. शून्य. आधीचीचा एक जुना मेल निघाला. त्यात गळका नळ, शेजारचं कुत्रं आणि तिने लहानपणी फाडलेला फ्रॉक.

डोक्यात तिडीक गेली. माझं भांडण आणि तिचं भांडण एकच, हे ठरवणारं हे कोण टिकोजीराव?

१४ मार्च, गुरुवार

आज दारावरच्या यंत्राने माझं ओळखपत्र घेतलं नाही. ही व्यक्ती आधीच आत आहे, असं पडद्यावर आलं. रखवालदाराला ओळखपत्र दाखवलं तर तो माझ्या बाजूने पलीकडे बघत राहिला. ताई आली तेव्हा तिच्या मागोमाग आत शिरले.

बैठकीत मी ‘सेम’चं सगळं मांडलं. साहेब म्हणाले, हे झालंय बोलून, पुढचा मुद्दा. मी कधी बोलले? ताईकडे पाहिलं, तर तीही म्हणाली, सांगितलंस की मघाशी.

नंतर तिला गाठून विचारलं, आधीच्या मुलीचं नक्की काय झालं. ती म्हणाली, कोण आधीची? या खुर्चीत तूच तर बसतेस पहिल्यापासून.

१८ मार्च, सोमवार

आईला फोन केला. फार गोड आवाजात म्हणाली, अगं, आत्ताच तर बोललीस, पुन्हा कशाला पैसे घालवतेस. मग म्हणाली, किती गुणाची गं माझी पोर.

गुणाची! जन्मात तिने मला असं म्हटलेलं नाही.

फोन ठेवल्यावर रडले. मग तोंड धुतलं. कुणीतरी माझ्या आईशी बोलतंय, आणि आईला ते आवडतंय. नंतर आलेली मी आहे. नंतर आलेल्याचं काय करतात ते मला पाठ आहे.

ठीक आहे. बघून घेते.

२० मार्च, बुधवार

‘सेम’ उडवलं. साहेबांच्या नाकासमोर बसून, अख्खं. तेच तेच मेल गेले तर जाऊ देत, माणसं वाचतील दोनदा.

प्रोग्रॅमने बदल घेतला नाही. म्हणे, हा बदल आधीच आलेला आहे. मागचा इतिहास काढला — आधीचीनेही ‘सेम’ उडवलं होतं. तिच्या आधीचीनेही. तिच्याही आधीचीने. सगळ्या माझ्याच खुर्चीतल्या. शांत आणि गुणी म्हणे! कुणीच शांत नव्हती. प्रत्येकीने हेच केलं, आणि प्रत्येक वेळी ‘सेम’ म्हणालं, हे झालंय —

२१ मार्च, गुरुवार

भीती वाटते. लिहून टाकते, मला भीती वाटते.

माझ्या खुर्चीत कुणीतरी खोकी ठेवली. मी बसलेली असताना — मांडीवर. ओरडले. ताई टाइप करत राहिली.

आईला फोन लावला. हॅलो, हॅलो, म्हणाली. मी गळा फाडून बोलत होते. तिने ठेवला.

खोलीत दुसरा पलंग आणून ठेवलाय. घरमालकीणबाई दारातून कुणाला तरी सांगत होत्या, हिची आई येणार आहे रविवारी —

कुणाची?

२२ मार्च, शुक्रवार

सापडलं. सापडलं!

सीमध्ये मजकूर कुठे संपला हे कळायला शेवटी एक शून्य ठेवावं लागतं. ते ठेवायला विसरणं म्हणजे आमच्या धंद्यातली अगदी नवशिकी चूक. मग वाचणारं फंक्शन थांबत नाही, पुढेच वाचत जातं. आणि दोन्ही मजकूर संपल्याशिवाय ‘सेम’ला म्हणता येत नाही की दोन्ही एकच आहेत —

त्या सगळ्यांनी आपापले मेल नीट संपवले. शहाण्या मुलींसारखे. मी नाही संपवणार.

हातांची बोटं नीट दिसत नाहीयेत. की-बोर्ड दिसतोय. चालेल.

ही रोजनिशी अशीच आईला पाठवते. शेवटचं शून्य न ठेवता. वाच म्हणावं ‘सेम’ला, किती वाचायचं ते —

आई, मी निघालेय तुझ्याकडे. रविवारी कुणाबरोबर कुठे जाऊ नकोस. दारात येऊन कुणी गोड बोलली, मीच तुझी मुलगी, मी तर आधीच आलेय म्हणाली, तर तिला तोंडावर सांग, माझी मुलगी