डावीकडची आई

२० ऑगस्ट, रविवार

आली! न कळवता, अशी दारात उभी! एका खांद्यावर कपड्यांची पिशवी, पाठीवर गवत कापायचं यंत्र. मला वाटलं, आमची सेबोम, माझी नात, सुट्टीला आली.

"आजी, नोकरी सोडली. लोकांच्या थडग्यांवरचं गवत कापायचा धंदा काढतेय. तुझ्याकडे राहीन."

मी आधी जेवायला वाढलं. भुकेल्या पोटी कुणाला काही विचारू नये.

संध्याकाळी सोलहून सेबोमच्या आईचा, मिरानचा फोन. माझ्याच पोटची, पण बोलते माझ्या सासूसारखी! "तूच फूस लावली असणार. चुसोकच्या सणाच्या पौर्णिमेपर्यंत करू दे तिला काय करायचं ते. तोवर धंदा उभा राहिला नाही, तर मी येऊन घेऊन जाईन. सरकारी परीक्षेचा क्लास बघून ठेवलाय." मी नुसतं हूं हूं केलं.

न्हाणीघरात आज दोन ब्रश आहेत. हे गेल्यापासून एकच होता.

२३ ऑगस्ट, बुधवार

आज चोसो, उन्हाळा सरल्याचा दिवस. आजपासून गवताची वाढ थांबते आणि डासाचं तोंड वाकडं होतं म्हणतात. माझ्या पायांना विचारा!

कापणीचा हंगाम सुरू झाला. सेबोमचा हिशेब काही खोटा नाही. मुलं शहरात, थडगी डोंगरात, आणि पौर्णिमेला आईबापांच्या डोक्यावर रान माजलेलं दिसलं तर सगळ्या घराण्याची अब्रू जाते. तेव्हा कुणीतरी कापायला हवंच.

पहिला सराव तिच्या आजोबांवर! यंत्र सुरू केलं, घुर्र आवाज, आणि थडग्याच्या उंचवट्याच्या एका बाजूला पार टक्कल. लाल माती दिसायला लागली.

"आजी, रागावले असतील का गं?"

"त्यांना सवय आहे. बाजारातला न्हावी जन्मभर असेच कापायचा."

इतकं हसलो दोघी, की मला खाली बसावं लागलं. मग तिने मातीवर हिरवळीचे तुकडे बसवले, तळव्याने थापले. हात अगदी ह्यांचे आहेत — रुंद, बोटं आखूड.

२६ ऑगस्ट, शनिवार

गावच्या सभाघरात प्यो भावजींनी सगळ्यांदेखत धरलं. गावातले वडीलधारे, शब्दाला वजन. मी देगूहून लग्न होऊन आले, तेव्हापासून त्यांच्यासाठी मी 'देगूवाली'च.

"देगूवाली वहिनी, नातीला आवरा. पूर्वजांच्या डोक्यावर एका पोरीने पातं फिरवायचं? आमचे मुलगे काय मेलेत?"

"जिवंत आहेत की," मी म्हटलं. "म्हणून तर दिसत नाहीत."

बायका खो खो हसल्या. ते हसले नाहीत. मला तेव्हाच कळलं — आता गावातलं एकही काम मिळायचं नाही. जीभच वाईट माझी!

३० ऑगस्ट, बुधवार

फोन नाही. सेबोम पातं पुसत बसली होती. बटाट्याची धिरडी केली. चार खाल्ली, परत पातं पुसायला बसली.

२ सप्टेंबर, शनिवार

आज चर्चमध्ये मिसाला मेणबत्ती लावली आणि आडपडदा न ठेवता मागितलं — हिचा धंदा चालू दे, म्हणजे ही माझ्याजवळ राहील. देवाशी आडवळणाने कशाला बोलायचं? आमच्या शाळेतल्या सिस्टर ओडील सांगायच्या, "मुलींनो, प्रार्थना म्हणजे बाजारातली घासाघीस नव्हे." मला ते कधीच जमलं नाही.

सिस्टर ओडील! नोव्हेंबर आला की आम्हा मुलींना कात्र्या द्यायच्या आणि शाळेमागच्या सिस्टरांच्या कबरींवरचं गवत कापायला गुडघ्यांवर बसवायच्या. थंडीने बोटं लाल व्हायची. आम्ही कुजबुजत गप्पा मारायचो आणि त्या ऐकू न आल्यासारखं करायच्या. माझ्या भागातल्या कबरीवरचं नाव फ्रेंच होतं, वाचता यायचं नाही, तरी ती बाई मला आपली वाटायची. आता ती बाग राहिली नाही म्हणे. तिथे गाड्या उभ्या करतात.

५ सप्टेंबर, मंगळवार

फोन आला! गावातला नाही, बाहेरचा. उल्सानचे छन आजोबा. लहानपणी इथेच होते, आता ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले. त्यांच्या आईचं थडगं वाकड्या पाइनच्या झाडाखाली. तिथे दोन आहेत, त्यातलं डावीकडचं. त्यांनी आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो मागितलेत.

सेबोम नवे बूट घालून अंगणात आणि घरभर फिरतेय. गांधीलमाश्या, साप, सगळ्यांसाठी जाड बूट! फरशीवर चिखल. मीच पुसून काढला.

१२ सप्टेंबर, मंगळवार

काय होऊन बसलं!

सकाळी पोरगी डोंगरावर गेली, दुपारी परतली. केसांत काटेकुटे, गालावर ओरखडा, पण चेहरा दिव्यासारखा. फोटो पाठवले. आम्ही थंडगार शेवया खायला बसलो आणि फोन वाजला. तिने आवाज मोठा केला, मलाही कौतुक ऐकू यावं म्हणून.

"पोरी, छान कापलंस. पण ही माझी आई नव्हे!"

"आजोबा, तुम्ही डावीकडची म्हणालात ना?"

"डावी म्हणजे तिची डावी! माझी आई निजलीय, ती काय उभं राहून डोंगर बघतेय? जो निजलाय त्याच्या बाजूने मोजायचं. तुमच्या शाळेत काहीच शिकवत नाहीत का गं?"

सेबोमचा चेहरा उतरला. आणि मी फोटो जवळ घेऊन बघितला. तो खालचा सपाट दगड मी ओळखते. ती प्यो भावजींची आई.

मी नवी नवरी असताना त्याच माउलीने मला स्वयंपाकघराच्या मागे बोलावून गरम गरम रताळं दिलं होतं. "खा पटकन, सासू बघेल."

सेबोम तासाभरातच परत डोंगरावर गेली आणि खरी आई कापून आली. छन आजोबा खूश झाले. पण दुसरीचं काय? मी म्हटलं, "राहू दे, कुणाला कळणारे?" तर माझ्याकडे असं बघितलं तिने —

"आजी, न विचारता कुणाच्या तरी आईवर पातं चालवलंय मी."

१३ सप्टेंबर, बुधवार

गेलो दोघी. हातात सुका पोलॅक मासा आणि तांदळाच्या दारूची बाटली. प्यो भावजी अंगणात लाल मिरच्या वाळत घालत होते. सेबोम ओल्या मातीत गुडघ्यांवर बसली आणि सगळं सांगून टाकलं. एक शब्द गाळला नाही.

भावजी मिरच्या उलटत राहिले. मग कान लाल झाले, मग मान. आता मला कळलं — तीन वर्षं झाली असतील ते वर गेले नाहीत. चढवत नाही. मुलगे येत नाहीत. आणि हे कुणाला सांगायचं? सभाघरात सगळ्यांच्या पूर्वजांची काळजी करणाऱ्या माणसाने?

शेवटी म्हणाले, "किती वाढलं होतं?"

काल हिच्या केसांतून मीच काटे काढलेत. खांद्याएवढं रान असणार.

"मऊ होतं, आजोबा," सेबोम म्हणाली.

त्यांनी तोंड फिरवलं. "जा आता. मिरच्यांवर ऊन येऊ द्या."

बाटली मात्र ठेवून घेतली.

१६ सप्टेंबर, शनिवार

पहाटेच काठी आपटत दारात! "ए पोरी, कडा नीट कापल्यास का नाहीत, मला बघायचंय."

सेबोमने पुढे होऊन वाट कापली, मागे ते, त्यांच्यामागे मी. दर दहा पावलांवर थांबायचे आणि आम्हाला रागवायचे. हळू चालता म्हणून! वर पोहोचल्यावर काठी बाजूला ठेवली. हात टेकून कसेबसे दोनदा वाकले. दुसऱ्या वेळी उठता येईना. सेबोमने काखेत हात घातला, त्यांनी झिडकारला नाही. मातीवर दारू ओतली आणि म्हणाले, "आई, ही देगूवालीची नात. दुसरीच्या घरी जायची ती तुझ्याकडे आली."

मी पाइनकडे बघत राहिले. म्हाताऱ्या माणसाला आईशी बोलताना बघू नये.

मग तोच आवाज: "हे बघ, इथे राहिलंय! दिसत नाही का?"

१९ सप्टेंबर, मंगळवार

फोनवर फोन! भावजींनी सभाघरात काय सांगितलं देव जाणे. म्हणे, "माझ्या आईचं हिनेच केलंय. तुम्ही कोण मोठे लागून गेलात?"

२९ सप्टेंबर, शुक्रवार — चुसोक

मिरान आली. पाइनच्या पानांवर वाफवायच्या तांदळाच्या करंज्या, सोंगप्योन, करताना तिची एकही नीट वळली नाही. लहानपणापासून तसंच! दुपारी तिच्या बापाच्या थडग्यावर गेलो. वाटेत भेटेल तो सेबोमला थांबवत होता. "पोरी, वसंतात आमची हिरवळ बदलायचीय." "पोरी, माझ्या सासऱ्याचं विसरू नकोस." मिरान नुसती ऐकत होती.

भांडी घासताना माझ्याकडे न बघताच म्हणाली, "क्लासचं रद्द करते. राहू दे तिला."

माझ्या हातातली वाटी निसटली, फुटली नाही. इतका आनंद ह्या वयात झेपत नाही. राहणार! थंडीत खोलीची फरशी दोघींसाठी तापवायची. किमचीचं लोणचं दुप्पट घालायचं. मोठा रांजण उतरवून घ्यायला हवा.

५ ऑक्टोबर, गुरुवार

प्यो भावजी आले होते, छाती फुगवून. समुद्राकडच्या सामचोकला त्यांच्या घराण्याच्या थडग्यांची मोठी टेकडी आहे. तिथे सांभाळायला माणूस हवं होतं, भावजींनी सेबोमचं नाव सुचवलं. वर्षभराचं काम, राहायला खोली, हाताखाली दोघी जणी. सोमवारी जाते. सेबोमला हसू आवरेना, माझ्या गळ्यातच पडली.

"आजी, तू मिसाला रोज काहीतरी मागायचीस ना? काय मागायचीस गं?"

"हेच," मी म्हटलं.