पूनमची हजेरी

१६ जून, सोमवार
शाळा सुरू. पहिलीच्या पोरांना फुलं, फुगे. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर ठसे. हेडसरांना फोटोची घाई. मी खाली बसून पोरांचे पाय धरत होते, तर ठाकरवाडीची पूनम कागद सोडून माझ्या पदरावरच उभी राहिली. सगळे म्हणाले, लक्ष्मी आली! साडी नवी होती. लक्ष्मीच्या बापाला काय त्याचं.

१७ जून
हजेरी. आमचं सेमी इंग्लिश, तेव्हा नाव घेतलं की ‘प्रेझेंट मॅडम’ म्हणायचं, हे सकाळीच घोकून घेतलेलं. पूनमचं नाव आलं. उभी राहून म्हणाली, “हाय.” म्हणजे, आहे. पण बंगले सांभाळणाऱ्यांची पोरं ही, पाहुण्यांचं हाय-हॅलो रोज ऐकणारी. एकाने हात हलवून दाखवला नि वर्गात हशा पिकला. मीही हसले. हसू आलं तर काय करू? परत विचारलं, परत “हाय.” तिसऱ्यांदा विचारलं ते निव्वळ मजा म्हणून.

१८ जून
पूनम गप्प. कितीदा नाव घेतलं, जमिनीकडे बघत बसली. मग गैरहजर मांडली. एवढंसं कार्टं माझ्याशी हट्ट करणार?
दुपारी खिचडीच्या मावशींना सांगितलं, गैरहजरांना वाढायची नाही.
“पोर हितं बसलीया की, बाई.”
“मग तसं तिला म्हणू दे.”
मावशींनी माझं न ऐकता ताट भरलं. पूनमने ते शेजारणीपुढे सरकवलं. तेव्हा खरा राग आला. दया यायला हवी होती बहुतेक. नाही आली.

२० जून
पूनमची आई आलेली. मळवलीत एका बंगल्यावर भांडी घासते. दारातच उभी.
“बाई, घरी लय बोलती ओ. गप बस म्हनावं लागतं. हितं काय झालं तिला?”
म्हटलं, इथे दातखीळ बसते तिची. घरी नीट बोलायला शिकवा.
“आमाला कुटं येतं?”
उत्तर जिभेवर होतं. दिलं नाही. तेवढंच पुण्य.

२४ जून
कालपासून पूनम नाही. हेडसर: “मारलंत का?” मारलं असतं तर रडून परत आली असती. म्हणे, पहिलीतलं एक पोर गळलं तरी वर उत्तर मला द्यावं लागतं, तुम्ही जाऊन घेऊन या.
हजेरीत तिचं नाव घेतलं तर सगळी पोरं एका सुरात “हाय!” ओरडली. दोघांना कोपऱ्यात उभं केलं. कशाबद्दल, हे त्यांना सांगता येईना. मलाही.

२५ जून
शाळा सुटल्यावर मळवलीच्या त्या बंगल्यावर. पूनम फाटकाच्या आत कुत्र्याशी बोलत बसलेली. भाकरी, गाड्या, कुणाची तरी हरवलेली चप्पल, अखंड चाललेलं. बाहेर उभी राहून ऐकत होते. पोर गोड बोलते. वाईट वाटलं, खरंच वाटलं. मग कडी वाजवली. तिने मान वर केली.
आतून आई: “कोन हाय गं?”
पूनम माझ्याकडे बघत राहिली. घाबरली नव्हती. खणखणीत आवाजात म्हणाली, “कोन न्हाई.”
आणि आत गेली.
आईला हाक न मारताच परत फिरले. उद्या पुन्हा जायचं, की बंगल्याला कुलूप होतं म्हणून हेडसरांना सांगायचं, अजून ठरत नाही.