शेवट सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत

ती. वहिनी,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे ते विचारत नाही, कारण तुम्ही "बरा आहे" म्हणणार आणि खरं काय ते दादा फोनवर सांगणार. जिना चढू नका, एवढंच. इकडे यांचं चष्म्याचं दुकान चालू आहे आणि माझी दाढ शांत आहे.

तुम्ही सुचवलेला सिनेमा पाहिला. 'पाहाच' म्हणून लगेच शेवट सांगायला निघालात, तेव्हा मी तुम्हाला शपथ घातली होती. (लग्न होऊन आलात तेव्हापासून माझी एक रहस्यकथा तुम्ही धड वाचू दिली नाहीत. खुनी कोण, ते चहाच्या कपाबरोबर आणून द्यायचात.) या वेळी शपथ पाळलीत, कौतुक आहे.

सिनेमा उत्तम आहे. असं मी सहसा लिहीत नाही. बर्फातलं ते हवामान केंद्र, मोजकी माणसं, आणि रोज सकाळी त्यांतलं एक कमी. शोधायलाही कोणी जात नाही, कारण असा माणूस होता हेच कोणाला आठवत नाही. टेबलावर फक्त एक कप जास्त मांडलेला. त्या कपाने माझ्या अंगावर काटा आला. रक्त नाही, किंचाळ्या नाहीत. आणि ती तपासाला आलेली बाई! (सरळ बोलते, केस घट्ट बांधते, उगीच रडत नाही. अशी बाई पडद्यावर मी प्रथमच पाहिली.) मध्यंतराआधी भिंतीवरच्या जुन्या फोटोत तिला स्वतःचाच चेहरा दिसतो, तेव्हा मी यांचा हात घट्ट धरला. हे जागे झाले. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकले आहे, त्यामुळे काळ असा उलटा वाहत नाही हे मला ठाऊक आहे. पण दिग्दर्शकाने एकदा घातलेला नियम कुठेही मोडला नाही. थापा माराव्यात तर अशा शिस्तीत.

थिएटरची शिस्तही तशीच. दारावर पाटीच होती, शेवट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडणार नाही म्हणून. मी डोअरकीपरला मुद्दाम थांबून शाबासकी दिली आणि कोणी कितीही गयावया केली तरी ऐकू नका, असं बजावलं.

पुढे ती बाई हिरव्या दिव्याच्या दारापाशी पोचली. दारामागे कोण आहे ते आता कळणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मोबाइल काढून कोणाच्या तरी बाळाचे फोटो पाहायला घेतले. मी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं आणि व्यवस्थित समज दिली. ते माफी मागून घरी गेले. मी वळले, तर दार बंद. डोअरकीपर म्हणाला, "बाई, ऐकू नका असं तुम्हीच बजावलंत ना?"

मी गयावया केली नाही. (थोडी केली.)

हे बाहेर आले ते डोळे पुसत. इतक्या वर्षांच्या संसारात सिनेमा पाहून यांना गहिवरून आलेलं मी पाहिलं नव्हतं. दारामागे कोण होतं विचारलं, तर म्हणाले, "ते सांगण्यासारखं नाही, अनुभवायचं असतं." तेव्हापासून घरभर शीळ घालत फिरतात. सिनेमा तर दुसऱ्याच दिवशी उतरला. वहिनी, यांना माहीत आहे आणि मला नाही, अशी गोष्ट या घरात आजवर नव्हती.

असो. दादाला नमस्कार.

तुमची,
धाकटी नणंद

ता. क. : शपथ मागे घेतली आहे. दारामागे कोण होतं ते उलटटपाली कळवा. फोन नको, हे शेजारी बसून ऐकतात.

आणखी ता. क. : यांना याचा पत्ता लागता कामा नये. पाकीट चिकटवायला यांच्याकडेच देते आहे, पण दुसऱ्याचं पत्र हे वाचत नाहीत. तेवढा एक गुण आहे.

वहिनी, पाकीट चिकटवण्याआधी कडेला माझ्या दोन ओळी. ही त्या मोबाइलवाल्याला घेऊन बाहेर गेली आणि शेजारी कोपर मारायला कोणी नसल्यामुळे मला जी गाढ झोप लागली, ती दिवे लागल्यावरच मोडली. हिला अवश्य कळवा, पण एक दिवस आधी मला दुकानाच्या पत्त्यावर कळवा. तुमचं उत्तर आल्यावर ही माझी उलटतपासणी घेणार.