सतराव्या पानावरचं शून्य

प्रिय धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास की ‘ताई, मीटिंगमध्ये आहे’ म्हणून ठेवून देतोस. म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून, शिलाई मशीनवरच कागद ठेवून लिहायला बसलेय. टपालात टाकलं तर उद्या अकराच्या आत पोचायचं नाही, तेव्हा हे तुझ्या ऑफिसच्या खिडकीत मी स्वतः देऊन येणार आहे. आधी घरचं सांगते. बाबा बरे आहेत. रेल्वे फाटकापलीकडच्या उपचार केंद्रात त्यांना आठवड्यातून तीनदा नेते. डाव्या हाताने आता थोडंफार धरता येतं. परवा शर्टाची दोन बटणं त्यांनी स्वतः लावली. वीस मिनिटं लागली, आणि मी मदतीला गेले तर माझ्यावरच खेकसले. अर्धांगाचा झटका आल्यापासून पहिल्यांदा खेकसले रे! मला इतकं बरं वाटलं की मोरीत जाऊन रडून घेतलं.

आता तुझ्या पुलाचं. रुळांवरून जाणारा, अठ्ठावन्न पायऱ्यांचा, आणि तो झाला की फाटक कायमचं बंद. लिफ्ट नाही, उतार नाही. बाबांची चाकाची खुर्ची पलीकडे न्यायची तर मोठ्या पुलावरून पावणेपाच किलोमीटरचा वळसा, तोही ट्रकांच्या मधून. म्हणजे उपचार बंद, आणि हात पुन्हा होता तसा. फाटकात माणसं मरतात, हे मला समजावू नकोस. पूल हवाच आहे. आम्ही फक्त उतार मागतोय, आणि तो तुझ्याच पहिल्या नकाशात होता.

हरकती मागवल्याची नोटीस लागली तेव्हा मी पदर खोचून पुढे झाले. ताईचं अक्षर मोत्यासारखं, असं ऐकून ऐकून डोक्यात हवा गेलेली. दुकानात बसून बेचाळीस घरांच्या बेचाळीस हरकती मी एकटीने लिहिल्या. मजकूर एकच, लोकांनी नुसत्या सह्या केल्या. आठवड्याने तुमच्या ऑफिसचं उत्तर आलं, की एकाच मजकुराच्या आणि एकाच हस्ताक्षरातल्या हरकती मिळून एकच हरकत धरण्यात येते. घरं बेचाळीस, हरकत एक! मुदतीला दोन दिवस उरलेले आणि मला गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही. शेवटी न्हावीकाकांनी आरशापाशी कोरे कागद ठेवले आणि जाहीर केलं, आधी लिहा, मग केस. स्वतः त्यांनी चार पानं लिहिली, त्यातली तीन दुकानासमोरच्या तुंबलेल्या गटारावर. शेजारच्या बाई, त्या निवृत्त शिक्षिका, लाल पेन घेऊन सगळ्यांचं शुद्धलेखन सुधारायला बसल्या, तेव्हा मी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं. एकोणचाळीस हरकती वेळेत गेल्या. तिघांनी लिहिलं नाही. त्यातली एक आपली आत्या. भाच्याच्या पुलाविरुद्ध कशी लिहू, म्हणाली. मी तिचा कोरा कागद परत घेतला. मला तरी कुठे सोपं जात होतं?

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. बाबांनी तुला इंजिनिअरिंगला पाठवलं आणि मला मशीनवर बसवलं, तेव्हा मी तुझ्यावर वर्षभर मनातून चिडले होते. तुझ्या वसतिगृहाच्या गादीची खोळ मी शिवली ना, ती दात ओठ खाऊन शिवली. पुढे तू नोकरीला लागलास, तुझ्या ऑफिसच्या दारावरची पाटी बघायला बाबा मला घेऊन गेले, आणि तिथे माझा राग संपला. खरंच संपला.

काल त्याच ऑफिसात गेले होते. सुनावणीआधी फाइल लोकांना वाचायला ठेवतात, हे मला नोटिशीतूनच कळलं. कारकुनाने स्टूल दिलं. उतार का वगळला, ते सतराव्या पानावर आहे. फाटकातून कोण कोण जातं, याची तीन दिवसांची मोजणी, सकाळी सात ते संध्याकाळी सात. पायी, सायकल, हातगाडी, आणि शेवटी चाकाची खुर्ची. त्या रकान्यात तिन्ही दिवस शून्य. खाली तुझी सही. घरी येईपर्यंत मी तुझ्या बाजूने दहा सबबी शोधल्या. मोजायला ठेवलेली माणसं चहा पीत बसली असतील, आकडे अंदाजाने भरले असतील, तू घाईत सही ठोकली असशील.

मग केंद्राच्या कार्डावरच्या तारखा काढून बघितल्या. मोजणीचा दुसरा दिवस बुधवार. त्या बुधवारी तू आला होतास, आणि म्हणालास, ताई, तू दुकान बघ, आज बाबांना मी नेतो. परतताना पुढचं चाक रुळाच्या खाचेत अडकलं, वर घंटा वाजायला लागली, आणि तू बाबांना खुर्चीसकट उचलून बाहेर काढलंस. न्हावीकाका धावत आले होते. घरी आल्यावर पाण्याचा पेला मी तुझ्या तोंडाला लावला. ज्या दिवसापुढे शून्य लिहिलंय, त्या दिवशी खुर्ची तू ढकलत होतास रे. सही करताना तुला ते आठवलं नाही, की आठवून चालणार नव्हतं? वरून कुणी दाबलं असेल तर तेही मला समजेल. पण उद्या सुनावणीत तुझं बोलणं अकराला आहे आणि माझा नंबर सातवा. माझ्याआधी तूच उभा राहून सांग, की मोजणी खोटी आहे आणि सही माझी आहे. नोकरीवर बेतेल, हे मला कळतं, आणि त्याची मला भीती वाटतेय. तरी तू गप्प राहिलास तर ते कार्ड मी सगळ्यांसमोर दाखवणार. तुला आधी सांगितल्याशिवाय मला ते करवत नाही, म्हणून हे पत्र. बाबांना यातलं काहीच माहीत नाही. सभागृह पहिल्या मजल्यावर आहे, न्हावीकाका आणि गल्लीतला लोहार बाबांना खुर्चीसकट वर नेणार आहेत. मला पहिल्या रांगेत बसवा, असं बाबांनी दोघांना बजावलंय. पोराला माइकवर बोलताना जवळून बघायचंय त्यांना.

चिडलेली, तरी तुझीच,
ताई