दादाचे बूट

प्रिय तोआनदादा,

फोनवर तू "बरा आहे" एवढंच म्हणतोस आणि मग मलाही पुढे काही सुचत नाही, म्हणून लिहायला बसले. त्या बुटांच्या कारखान्यातला डिंकाचा वास तुला सोसतो का रे? न्यानवहिनी म्हणते, त्या वासाने तुझी भूक मेलीय, पण तू कबूल करणार नाहीस. आईचे गुडघे पार गेलेत. बाबांच्या तिथीला याही वर्षी येणार नाही, हा तुझा निरोप वहिनीने तिला सांगितला, तेव्हा ती पालक निवडत होती. निवडतच राहिली. गेल्या वर्षी तू नव्हतास म्हणून उदबत्ती तिनेच लावली. थोरला मुलगा जिवंत असताना बाईमाणसाने पुढे व्हायचं, हे तिला इतकं लागलं की पानावर बसलीच नाही. बाबांसमोर उभं राहायची आपली लायकी नाही, असं तू वहिनीला म्हणालास म्हणे.

माझ्याकडची बातमी विचारशील, तर डुकरांच्या तापावरची आमची लस पुन्हा फसली. ही चौथी खेप. वीस डुकरांना टोचली, महिनाभर ती मजेत खातपीत होती, आम्हीही मनातल्या मनात मांडे खाल्ले. मग खरा विषाणू दिला आणि नवव्या दिवसापासून ती एकेक करून आडवी झाली. कान जांभळे, ताप, सगळं तेच. आमचे मोठे साहेब म्हणाले, अपयश हीसुद्धा माहितीच असते. त्यांना काय जातंय बोलायला! मला आता या कामातून काही निघेल असं वाटत नाही. रोज सकाळी पांढरा झगा चढवते, कारण दुसरं काही येत नाही.

गावात मला "डुकरांची डॉक्टरीण" म्हणायचे आणि तू मिरवायचास. गोठ्याच्या दाराशी चुन्याच्या पाण्याचं घमेलं मीच ठेवायला लावलं. उष्टं-खरकटं डुकरांना घालायचं नाही, बाहेरचं मांस आणायचं नाही, बाजारातून आलं की बूट बुडवायचे. मी सुट्टीला आले की तू फाटकातूनच ओरडायचास, "आधी बूट, मग बहीण!" किती हसायचो आपण. आणि मग दोन वर्षांपूर्वीचा तो आठवडा. तुझ्या दोन माद्या पडल्या, मग शेजारच्या खोआतकाकांच्या, मग अख्खी वाडी. तीनशे बारा डुकरं. आजारी असोत-नसोत, सगळी मारून पुरायला केळीच्या बनामागचा खड्डा खणून घेतला तोही मीच, तोंडाला फडकं बांधून. तुझ्या लाडक्या मादीला, ठिपकीला, तेव्हा ताप नव्हता. तू तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालास, "दिएप, ही खातेय बघ. हिला तेवढी राहू दे." मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा, दादा." तू स्वतः तिला खड्ड्यापर्यंत घेऊन गेलास. ती तुझ्या मागोमाग आली, कारण तू बोलावलंस की ती यायचीच.

मग गावच्या सभागृहात तू उभा राहिलास. बाजारातून आलो त्या दिवशी बूट बुडवायचे राहिले, रोग मी आणला, असं सगळ्यांसमोर बोललास. कुणी विचारलं नव्हतं. खोआतकाका म्हणाले, "बहीण एवढी शिकलेली, आणि भावाला बूट धुता येत नाहीत!" लोक हसले नाहीत, हे जास्त वाईट होतं. मी तुझ्या शेजारीच होते. मलाही तेव्हा तेच खरं वाटलं, एवढ्यावर तरी विश्वास ठेव. राग आला होता तुझा. परत हनोईला येताना मी तुझ्याशी नीट बोललेसुद्धा नाही. पुढच्या महिन्यात तू गाव सोडलंस.

तुझ्या माद्यांचं रक्त मी तपासणीसाठी आणलं होतं. विषाणूंचीही घराणी असतात. तू गेलास त्या बाजारातल्या डुकरांत जुन्या घराण्याचा रोग होता. तुझ्या माद्यांत निघाला तो नवा, आपल्या जिल्ह्यात तोवर कुणी न पाहिलेला. म्हणजे तो तुझ्या बुटांबरोबर आला नव्हता. मग कुठून, याचा विचार करताना मला एकदम माद्या पडायच्या आठवडाभर आधीची बाबांची तिथी आठवली. तिथीला येताना मी हमरस्त्यावरच्या एका टपरीवर बाबांच्या आवडीचे नेम घेतले होते. डुकराच्या कच्च्या मांसाचे, पानात बांधून आंबवलेले मुटके. रिकाम्या हाताने बाबांपुढे कशी जाऊ, म्हणून. बाहेरचं मांस आणू नका, असं गावभर सांगणारी मी! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पंगत उठल्यावर भांडी मी घासली. बाबांपुढून उतरवलेला प्रसाद उकिरड्यावर टाकायला हात धजेना. प्रसाद म्हणजे काही खरकटं नव्हे, अशी मनाची समजूत घातली आणि उरलेले तुकडे, पानं, सगळं माद्यांच्या कुंडीत ओतलं. तू तेव्हा बाहेर पाहुण्यांना चहा देत होतास. त्यातलेच दोन नेम मी हनोईला परत आणले होते, ते बर्फाच्या कप्प्यात तसेच पडून होते. एका रविवारी प्रयोगशाळेत कुणी नसताना तपासले. तोच विषाणू, तेच घराणं, तिळाचाही फरक नाही. तुझ्या माद्यांना तो मीच खाऊ घातला.

त्या रविवाराला तेरा महिने झाले, दादा. तेरा महिने मला ठाऊक होतं आणि तू तिथे डिंकाच्या वासात बसला होतास. लस निघाली की सांगू, चांगल्या बातमीला जोडून सांगू, असं म्हणत राहिले. आता लस निघत नाही, चांगली बातमी येत नाही. काल आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग माझा मुलगा दोन वर्षं कुणाची शिक्षा भोगतोय?" म्हणून हे पत्र. तिथीच्या आदल्या दिवशी सभागृहात, तू उभा होतास तिथे उभी राहून मी सगळं सांगणार आहे. खोआतकाका काय म्हणायचं ते म्हणोत. तू ये. उदबत्ती तू लाव, मी फाटकाबाहेर थांबेन. मला माफ कर, असं मी इथे लिहीत नाही. तू लगेच करशील, आणि ते मला सोसायचं नाही.

तुझीच,
दिएप